एकाच पक्षातील प्रतिस्पर्ध्यावर आरोपांच्या जाहिराती: न्याय्य कोणत्या, अन्याय्य कोणत्या

पुण्यात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी मला विचारले आहे की, २०१२ साली अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांकडून घेतल्या जाणाऱ्या निवडणुकीत, मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या बाजूने प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती न्यूट गिंगरिच यांच्यावर जाहिरातींचा जो भडिमार झाला, तो न्याय्य म्हणता येईल का. गिंगरिच यांची त्याविरुद्धची तक्रार रास्त होती की तो हरणाऱ्याचा कांगावा होता. आणि मुळात एकाच पक्षाच्या दोन माणसांनी एकमेकांची अशी जाहीर उणीदुणी काढावीत का. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असली तरी एकसारखी नाहीत.

आधी मी कुठून बोलते आहे ते सांगते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचे ते वाचकाला ठरवता येईल. मी मूळची साताऱ्याची आहे आणि गेली बावीस वर्षे अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील राज्यांत निवडणूक प्रचाराचे काम करते. जाहिरात प्रसारित होण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक वाक्यामागचा पुरावा तपासणे आणि तो कागदावर जोडून देणे, हे माझे मुख्य काम आहे. म्हणजे आरोपांच्या जाहिराती ज्या खोलीत तयार होतात त्या खोलीत मी बसते, त्यांच्यावर पोट भरते, आणि त्या सरसकट वाईट असतात असे मला वाटत नाही. २०१२च्या त्या लढतीत मात्र मी कोणत्याच बाजूने काम केलेले नाही.

माझे उत्तर असे आहे. प्रतिस्पर्धी आपल्याच पक्षाचा आहे एवढ्यावरून त्याच्यावर केलेला हल्ला अन्याय्य ठरत नाही. ज्याच्यावर आरोप केला त्याला उत्तर देण्याची वाटच बंद केली असेल, तेव्हा तो अन्याय्य ठरतो. ही वाट तीन प्रकारे बंद होते. सत्याचा अर्धा भाग दडवला, तर उत्तर देणाऱ्याला तीस सेकंदांत तो उलगडून सांगता येत नाही. आरोप करणाऱ्याने स्वतःचे नाव लपवले, तर उत्तर कुणाला द्यायचे हेच कळत नाही. आणि मतदान होत आले असताना आरोप केला, तर उत्तर ऐकायला कुणी उरलेले नसते. जाहिरात कडवट आहे की सौम्य, पार्श्वसंगीत भेसूर आहे की मंद, याचा न्यायाशी फारसा संबंध नाही.

प्रायमरीत आरोपांची जाहिरात लागतेच का, हे महाराष्ट्रातल्या वाचकासाठी थोडे उलगडून सांगायला हवे. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिकिटाची ओढाताण बंद दाराआड होते, एबी फॉर्म कुणाच्या हाती पडला हे कधी कधी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी कळते, आणि ज्याला तो मिळत नाही तो बंडखोरी करतो किंवा मन मारून गप्प बसतो. अमेरिकेत हाच निर्णय मतदार करतात, त्यामुळे आपल्याकडे श्रेष्ठींच्या कानाशी लागून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तिथे दूरचित्रवाणीवरून सांगाव्या लागतात. शिवाय सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला पक्षाच्या नावाचा आधार असतो; उमेदवाराबद्दल काही ठाऊक नसले तरी तो कोणत्या बाजूचा आहे हे ठाऊक असते. प्रायमरीत तो आधार नाहीसा होतो. सगळेच रिपब्लिकन किंवा सगळेच डेमोक्रॅट, सगळ्यांची भाषणे जवळजवळ सारखी, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या जाहिरातीत तीच मुले, तेच शेत, तोच झेंडा. गर्दी मोठी असेल तर थोड्या मतांवरही काम भागते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले होते. २०२२ साली डेट्रॉइटच्या मतदारसंघात मात्र अनेक उमेदवारांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मते त्यांना अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, उमेदवारी मिळवून द्यायला पुरली, तीही बाहेरच्या गटांनी प्रतिस्पर्ध्यासाठी लक्षावधी डॉलर खर्च केलेले असताना. अशा लढतीत दोन उमेदवारांतला खरा फरक, म्हणजे कुणी कोणते मत दिले, कुणी कुणाकडून पैसे घेतले, हे प्रतिस्पर्ध्याखेरीज सहसा कुणी सांगत नाही. तो फरक सांगू नका असे म्हणणे म्हणजे मतदाराला आंधळेपणाने निवड करायला सांगणे होय.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पक्षाच्या नावाचा आधार नसल्याने खोटा आरोपही प्रायमरीत अधिक खोल लागतो. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीत, डेमोक्रॅटिक उमेदवाराविरुद्धची रिपब्लिकन जाहिरात पाहून कट्टर डेमोक्रॅट मतदार मान हलवतो आणि पुढे जातो. त्याची निष्ठा त्याला कवचासारखी असते. प्रायमरीत तोच मतदार उघडा असतो. म्हणून माझ्या मते प्रायमरीत हल्ला करण्याचा हक्क मोठा आहे आणि पुराव्याची जबाबदारीही त्याच मानाने मोठी आहे.

आता २०१२च्या लढतीकडे येते. डिसेंबर २०११ मध्ये गिंगरिच जनमत चाचण्यांत आघाडीवर होते आणि आपण सकारात्मक प्रचारच करणार असे त्यांनी जाहीर केले होते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ‘रिस्टोअर अवर फ्यूचर’ या रॉम्नीसमर्थक सुपर पॅकने, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करू शकणाऱ्या गटाने, आयोवात त्यांच्यावर लक्षावधी डॉलरांच्या जाहिराती ओतल्या. ३ जानेवारीच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या स्थानिक बैठकांत होणाऱ्या मतदानात, गिंगरिच सुमारे १३ टक्के मतांसह चौथ्या क्रमांकावर गेले. २१ जानेवारीला साउथ कॅरोलायनात त्यांनी रॉम्नी यांना मोठ्या फरकाने हरवले, आणि लगेच पुढच्या दहा दिवसांत फ्लोरिडात त्यांच्यावर पुन्हा तोच मारा झाला. फ्लोरिडा हे जवळपास दहा दूरचित्रवाणी बाजारपेठांत विभागलेले राज्य आहे. तिथे हस्तांदोलन करून निवडणूक जिंकता येत नाही, प्रसारणाची वेळ विकत घ्यावीच लागते. रॉम्नी आणि त्यांच्या समर्थकांचा खर्च गिंगरिच यांच्या बाजूच्या कितीतरी पट होता. जाहिरातींची मोजदाद करणाऱ्या संस्थेच्या नोंदीनुसार शेवटच्या आठवड्यात तिथे दाखवल्या गेलेल्या जाहिरातींपैकी ९२ टक्के नकारात्मक होत्या. ३१ जानेवारीला रॉम्नी ४६ विरुद्ध ३२ टक्क्यांनी जिंकले.

हे आकडे पाहून अनेकांनी ‘९२ टक्के’ हाच अन्यायाचा पुरावा मानला. मला ते पटत नाही. जाहिरात नकारात्मक आहे एवढ्याने तिच्यातले काहीच कळत नाही. तिच्यात काय म्हटले आहे ते उघडून पाहावे लागते. त्यातला एक मोठा आरोप असा होता की, फ्रेडी मॅक या गृहकर्जांशी संबंधित महाकाय संस्थेकडून गिंगरिच यांच्या सल्लागार कंपनीला सुमारे १६ लाख डॉलर मिळाले. रक्कम खरी होती. आपण तिथे इतिहासकार म्हणून सल्ला दिला, असे गिंगरिच यांनी आधी एका वादचर्चेत म्हटले होते. फ्लोरिडात त्या वर्षी घरांच्या किमती कोसळलेल्या होत्या आणि रस्त्यारस्त्यांवर बँकेने जप्त केलेली घरे होती. ज्या मतदाराचे घर बुडाले आहे त्याला, त्या व्यवहारातल्या एका मोठ्या संस्थेकडून आपल्या उमेदवाराने पैसे घेतले होते हे जाणून घ्यायचा पूर्ण हक्क आहे. गिंगरिच यांना याचे उत्तर देता आले असते, त्यांनी ते दिलेही, आणि लोकांना ते पटले नाही. यात अन्याय कसला?

याच प्रायमरीतला दुसरा आरोप पाहा. गिंगरिच यांनी डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पलोसी यांच्या जोडीने एक विधेयक मांडले आणि त्यातून चीनच्या क्रूर एक-मूल धोरणाला पाठबळ देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाला वर्षाला ६ कोटी डॉलर जाणार होते, असे सुपर पॅकच्या जाहिरातीत सांगितले गेले. विधेयक खरोखर होते. ते १९८९ सालचे, हवामानबदलाविषयीचे होते. गिंगरिच आणि पलोसी दोघेही त्याचे सहप्रस्तावक होते, पण शंभराहून अधिक इतर सदस्यही होते, आणि मूळ प्रस्तावक त्यांच्यापैकी कुणीच नव्हते. त्यात संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीसाठी पैसे होते, पण सक्तीच्या गर्भपातासाठी त्यातला पैसा वापरता येणार नाही असे बंधनही त्याच मसुद्यात होते. वस्तुस्थिती तपासणाऱ्या पत्रकारांनी हा आरोप सपशेल फेटाळला. माझ्यासमोर ही स्क्रिप्ट आली असती, तर शब्द न् शब्द कागदाला जोडता आला असता: विधेयकाचा क्रमांक, सहप्रस्तावकांची यादी, रकमेची ओळ. आणि तरीही संपूर्ण वाक्य खोटे होते. धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ याच जातीचे होते. त्यातही खोटे असे काहीच उच्चारले गेले नव्हते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. या कामात नवखी असताना एका राज्य विधिमंडळाच्या प्रायमरीसाठी मी एका पत्रकाचा पुरावा जोडून दिला. समोरचा उमेदवार दोन वेळा निवडून आलेला, शेतकरी माणूस होता. पत्रकावर मोठ्या अक्षरांत होते: ‘घरपट्टी वाढवण्याच्या बाजूने ११ वेळा मत.’ आमच्या पद्धतीत कागदाचे दोन रकाने असतात. डावीकडे स्क्रिप्टची ओळ, उजवीकडे तिचा आधार, म्हणजे विधेयक क्रमांक, तारीख, कामकाजाच्या नोंदवहीचे पान. त्याला आम्ही ‘बॅकअप’ म्हणतो. माझ्या बॅकअपमध्ये अकरा ओळी होत्या आणि अकराही अचूक होत्या. मात्र विधेयके तीनच होती. एका विधेयकावर समितीत, दुरुस्तीवर, चर्चा थांबवण्यावर आणि शेवटी मंजुरीसाठी अशी वेगवेगळी मते पडतात. मी ती सगळी मोजली होती. माझ्या वरिष्ठांनीही ती तशीच जाऊ दिली. तो माणूस थोडक्या मतांनी हरला.

प्रायमरीनंतर पक्षाची जिल्हा शाखा न्याहारीचा एक कार्यक्रम ठेवते, त्यात हरलेला आणि जिंकलेला शेजारी बसतात. तिथे तो माझ्यापाशी आला. खिशातून त्याने आमचेच पत्रक काढले. चार घड्या पडलेल्या त्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने पेन्सिलीने अकरा ओळी लिहून प्रत्येकीपुढे विधेयकाचे नाव लिहिले होते. त्याने विचारले, “यातले खोटे कोणते?” मी म्हटले, “एकही नाही.” तो म्हणाला, “मग माझे शेजारी मला खोटारडा का समजतात?” मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी एक विधेयक एकदाच मोजते, आणि ज्या स्क्रिप्टमध्ये ‘इतक्या वेळा’ असे शब्द असतात तिची मोजदाद मी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडत नाही. ही युक्ती काही आमच्याच खोलीत जन्मलेली नव्हती. २००८च्या अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामा यांनी करवाढीच्या बाजूने ९४ वेळा मत दिले, हा जॉन मकेन यांच्या प्रचाराचा आरोप अशाच फुगवलेल्या मोजणीवर उभा होता.

आता आरोपाखालच्या सहीविषयी लिहिते, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. अमेरिकेच्या प्रसारण कायद्यानुसार उमेदवाराने स्वतः दिलेल्या जाहिरातीत दूरचित्रवाणी केंद्राला काटछाट करता येत नाही. ती खोटी आहे असे ठाऊक असले तरी ती आहे तशी दाखवावी लागते, आणि म्हणूनच तिच्यातील मजकुराबद्दल केंद्राला बदनामीच्या दाव्यात ओढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच स्पष्ट केले आहे. प्रायमरीपूर्वीच्या ४५ दिवसांत उमेदवाराला सर्वांत कमी दरही मिळतो. त्याच्या मोबदल्यात २००२च्या कायद्याने एक गोष्ट मागितली: केंद्रीय पदांसाठीच्या उमेदवाराने जाहिरातीत स्वतःच्या आवाजात सांगायचे की, हा संदेश मला मान्य आहे. वरवर पाहता हे एक कंटाळवाणे वाक्य आहे. पण त्या वाक्याने कितीतरी स्क्रिप्ट माझ्या डोळ्यांदेखत सौम्य झाल्या आहेत. लेखकाने लिहिलेला आरोप उमेदवार शांतपणे वाचतो आणि म्हणतो, “हे मी माझ्या तोंडाने बोलणार नाही,” तेव्हा खरी चाळणी लागते.

सुपर पॅकने ही चाळणीच बाजूला काढली. २०१०च्या न्यायालयीन निर्णयांनंतर बाहेरच्या गटांना अमर्याद देणग्या घेऊन स्वतंत्रपणे खर्च करण्याची मुभा मिळाली. अट एवढीच की उमेदवाराशी संगनमत करायचे नाही. ‘रिस्टोअर अवर फ्यूचर’ चालवणारी माणसे रॉम्नी यांच्या २००८च्या प्रचारातली होती. तरीही आयोवातील जाहिरातींबद्दल विचारल्यावर रॉम्नी यांनी, त्या गटाशी बोललो तर कायदा मोडेल, असे उत्तर दिले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते, आणि नेमके तेच मला सलते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि गोळी लागल्यावर हात वर करायचे, ही सोय कायद्यानेच करून दिली. गिंगरिच यांच्या तक्रारीतला हा भाग मी शंभर टक्के रास्त मानते.

पण गिंगरिच यांच्या बाजूनेही तेच झाले. ‘विनिंग अवर फ्यूचर’ या त्यांच्या समर्थक सुपर पॅकला कॅसिनो उद्योजक शेल्डन अडेल्सन यांच्याकडून ५० लाख डॉलर मिळाले, आणि त्या गटाने रॉम्नी यांच्या बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीवर सुमारे अर्ध्या तासाचा एक चित्रपट साउथ कॅरोलायनात आणला. त्यात चार कंपन्यांची कहाणी होती. त्यांतली एक फ्लोरिडातल्या मारियाना गावच्या, धुलाईयंत्रे बनवणाऱ्या कारखान्याची. नोकऱ्या गेलेले कामगार कॅमेऱ्यासमोर रडत होते, आणि त्यांचे दुःख खरे होते. मात्र कारखाना बंद झाला तो बेनने ती कंपनी विकून टाकल्यानंतर, नव्या मालकांच्या काळात. आणि कंपनी विकली जाण्याच्या कितीतरी आधी रॉम्नी बेनच्या रोजच्या कारभारातून बाहेर पडलेले होते. खऱ्या माणसांचे खरे अश्रू चुकीच्या माणसाच्या खात्यावर मांडले गेले. पत्रकारांनी चुका दाखवल्यावर गिंगरिच यांनी १३ जानेवारीला त्या गटाला जाहीरपणे सांगितले की, चित्रपट दुरुस्त करा, नाहीतर मागे घ्या. आपल्या बाजूच्या खोट्याला नाव घेऊन अडवणारा उमेदवार त्या महिन्यात दुसरा दिसला नाही, आणि त्याचे श्रेय मी त्यांना देते.

सुपर पॅकच्या जाहिराती केंद्रांना नाकारता येतात, हे अनेकांना माहीत नसते. त्या उमेदवाराच्या नसल्यामुळे केंद्राला कायदेशीर संरक्षण नसते, आणि म्हणून समोरच्या बाजूच्या वकिलाचे पत्र आले की केंद्राचा वकील आमच्याकडे बॅकअप मागतो. मी दिवसाचे दोन-दोन तास अशा पत्रांना उत्तरे देण्यात घालवलेले आहेत. ही व्यवस्था दुबळी आहे, तरी ती काही प्रमाणात चालते. जिथे सहीच नसते तिथे काहीच चालत नाही. २०००च्या साउथ कॅरोलायना प्रायमरीत मकेन यांच्याविरुद्ध पत्रके आणि फोनद्वारे अशी कुजबुज पसरवली गेली की, त्यांना विवाहबाह्य संबंधातून झालेले कृष्णवर्णीय मूल आहे. वास्तविक मकेन दांपत्याने बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून एक मुलगी दत्तक घेतली होती. कुजबुज करणारा अधिकृतपणे कधीच कुणी निघाला नाही. त्याच लढतीत मकेन यांच्या एका जाहिरातीने जॉर्ज बुश यांची तुलना बिल क्लिंटन यांच्याशी केली. रिपब्लिकन मतदारांना ती लागली आणि त्याची किंमत मकेन यांना मोजावी लागली, कारण तिच्याखाली त्यांचे नाव होते. निनावी कुजबुजीची किंमत मात्र कुणीच मोजली नाही. ज्या जाहिरातीची किंमत तिच्या कर्त्याला मोजावी लागू शकते, ती मला कितीही कडवट असली तरी चालते.

वेळेचा मुद्दा थोडक्यात. फ्लोरिडात मतदानाच्या दिवसाआधी लाखो लोक टपालाने किंवा केंद्रावर जाऊन मत देऊन मोकळे झालेले असतात. त्यामुळे ‘शेवटचा आठवडा’ ही कल्पनाच बदलते, आणि आरोप कधी केला तर उशीर झाला म्हणायचे हे प्रत्येक राज्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते. आमच्या कार्यालयात नियम असा आहे की, नवा आरोप मतदानाच्या आधी किमान दहा दिवस बाहेर यायला हवा. नंतर फक्त जुन्याचीच पुनरुक्ती चालेल. हा नियम मोडण्याचा आग्रह मला दर निवडणुकीत ऐकावा लागतो. खर्चातल्या विषमतेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. एका बाजूकडे पाचपट पैसा असणे ही लढतीतली विषमता आहे आणि ती देणग्यांच्या कायद्याने सोडवायची गोष्ट आहे. खरा आरोप पाचशे वेळा दाखवला म्हणून तो खोटा होत नाही.

पक्षाचे नुकसान होते, हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. कॅलिफोर्नियात १९६६ साली रिपब्लिकन पक्षाच्या राज्याध्यक्षांनी ‘कोणत्याही रिपब्लिकनबद्दल वाईट बोलू नका’ अशी ‘अकरावी आज्ञा’ काढली आणि रोनाल्ड रेगन यांनी ती प्रसिद्ध केली. दोनच वर्षांपूर्वी अध्यक्षीय उमेदवारीसाठी झालेल्या गोल्डवॉटर-रॉकफेलर भाऊबंदकीत पक्ष पोळला होता, म्हणून ती आज्ञा समजण्यासारखी आहे. पण हा प्रश्न शहाणपणाचा आहे, न्यायाचा नाही, आणि दोन्हींची गल्लत करू नये. १९८८च्या एप्रिलमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या न्यूयॉर्कमधील वादचर्चेत अल गोर यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना मॅसॅच्युसेट्समधील कैद्यांच्या रजेच्या योजनेबद्दल विचारले. प्रश्न सभ्य होता, खरा होता आणि समोरासमोर विचारला होता. त्या उन्हाळ्यात रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश (२०००च्या लढतीतल्या बुश यांचे वडील) यांच्या माणसांनी तोच धागा उचलला, आणि शरद ऋतूत बाहेरच्या एका गटाने विली हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याचे छायाचित्र दाखवून वंशभेदाला हात घालणारी कुप्रसिद्ध जाहिरात केली. ती बनवणारे लॅरी मकार्थी पुढे २०१२ साली ‘रिस्टोअर अवर फ्यूचर’साठी गिंगरिचविरोधी जाहिराती करत होते. नंतर दुसऱ्याने केलेल्या दुरुपयोगाचे पाप गोर यांच्या माथी मारणे मला मान्य नाही. त्याचप्रमाणे बेन कॅपिटलचा विषय गिंगरिच यांनी काढला नसता, तरी मे २०१२ मध्ये ओबामा यांच्या प्रचाराने कॅन्सस सिटीच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची जाहिरात केलीच असती. उलट जानेवारीत रॉम्नी यांना उत्तराची तालीम करायची संधी मिळाली होती, आणि ती त्यांनी फारशी वापरली नाही.

शहाणपणाच्या बाजूने मी माझ्या उमेदवारांना एकच उदाहरण देते. २००४च्या आयोवातील डेमोक्रॅटिक लढतीत हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट आघाडीवर होते आणि आठवडेच्या आठवडे एकमेकांवर तुटून पडले. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही: जॉन केरी पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे, डीन तिसरे आणि गेपहार्ट चौथे. दोघांच्या आरोपांत बरेच तथ्य होते. मतदारांनी ते ऐकले आणि दोघांनाही सोडले.

अलीकडे एक नवी अडचण आली आहे आणि माझ्या दोन रकान्यांच्या कागदात ती बसत नाही. २०२३ साली रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढणाऱ्या रॉन डिसँटिस यांच्या समर्थक सुपर पॅकने एका जाहिरातीत डोनाल्ड ट्रम्प यांचा संगणकाने बनवलेला आवाज वापरला. शब्द ट्रम्प यांनी स्वतः समाजमाध्यमावर लिहिलेले होते, आवाज मात्र त्यांनी कधीच काढलेला नव्हता. डावीकडची ओळ खरी, उजवीकडचा आधार खरा, आणि कानावर पडते ते बनावट. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीआधी ज्यो बायडन यांच्या नकली आवाजात मतदारांना घरी बसायला सांगणारे फोन गेले, तेव्हा शब्दही त्यांचे नव्हते. मी दोन्ही नाकारले असते. माणसाचा आवाज हा त्याच्या सहीसारखा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे फ्लोरिडात ज्या जाहिरातीवरून सर्वांत जास्त आरडाओरडा झाला तिच्याकडे. रॉम्नी यांच्या प्रचाराने २१ जानेवारी १९९७ची एनबीसीची बातमी जवळजवळ जशीच्या तशी दाखवली. निवेदक टॉम ब्रोकॉ सांगतात की, सभापती गिंगरिच यांना नीतिनियमांच्या भंगाबद्दल सभागृहाने प्रचंड बहुमताने ठपका ठेवून मोठा आर्थिक भुर्दंडही ठोठावला. हे घडले होते: ३९५ विरुद्ध २८ मते, ३ लाख डॉलर, आणि मते देणाऱ्यांत गिंगरिच यांच्याच पक्षाचे बहुसंख्य सदस्य. एनबीसीने जाहिरात थांबवायला सांगितले, ब्रोकॉ यांनीही स्वतःचे चित्र वापरल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. पत्रकाराला प्रचारात ओढल्याबद्दलची ती तक्रार त्यांच्या जागी योग्य होती, पण ती गिंगरिच यांच्यावरच्या अन्यायाची तक्रार नव्हे. गिंगरिच यांचे म्हणणे वेगळे होते. त्या प्रकरणाच्या मुळाशी असलेल्या, गिंगरिच यांनी शिकवलेल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमाशी संबंधित संस्थेला करखात्याने १९९९ साली निर्दोष ठरवले होते, आणि ते कुणी सांगत नव्हते. दुसरीकडे सभागृहाचा ठपका केवळ कराबद्दल नव्हता. समितीला चुकीची माहिती दिल्याचे गिंगरिच यांनी स्वतः मान्य केले होते.

ही जाहिरात मी जाऊ दिली असती. उमेदवाराचे नाव तिच्यावर होते, ठपका खरा होता, आणि सभापतिपदावरच्या माणसाला त्याच्याच सहकाऱ्यांनी काय म्हटले हे अध्यक्ष निवडणाऱ्याला कळायलाच हवे. एक-मूल धोरणाची जाहिरात मी पहिल्या वाचनातच परत पाठवली असती, आणि बेनवरच्या चित्रपटातून मारियानाचा भाग पूर्ण काढायला लावला असता, कितीही रडवणारा असला तरी. ब्रोकॉ यांच्या जाहिरातीसाठीही मी उमेदवाराकडे एक मागणी केली असती: शेवटच्या तीन सेकंदांत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, १९९९च्या निर्णयाची एक ओळ. दिग्दर्शक अशा वेळी म्हणतो की पडद्यावर जागा नाही. जागा असते, मी पट्टी लावून मोजलेली आहे.